ब्राह्मी, देवनागरी आणि रोमन एकाच पानावर: अक्षरजुळणी कशात करावी?

लेणीवेडी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अगदी गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा एकच उद्योग आहे, नाशिकची पांडवलेणी. पाथर्डी फाट्याला रिक्षा सोडायची, पायऱ्या चढायच्या आणि वही काढून भिंतीसमोर उभं राहायचं. त्रिरश्मी डोंगरावरच्या २४ लेण्यांतल्या शिलालेखांवर पुस्तक करतेय. मूळ पाठ ब्राह्मीत, त्याखाली तोच देवनागरीत, मग रोमन लिप्यंतर (ते वर-खाली टिंबं-रेघांचं), मग माझा मराठी अनुवाद आणि तळटिपा. तळटिपांत 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडातल्या एमिल सेनार यांच्या वाचनाचे इंग्रजी उतारे. म्हणजे लिप्या तीन आणि भाषा चार: प्राकृत, संस्कृत, मराठी, इंग्रजी. साधारण ३०० पानं होतील.

सगळं मी स्वतः युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) टाइप केलंय. शहरातल्या एका डीटीपीवाल्यांकडे फाइल दिली (नाव घेत नाही, माणसं भली आहेत). ते म्हणाले, "आमच्याकडे युनिकोड बसत नाही मॅडम, आमच्या फाँटात कन्व्हर्ट करून घेऊ." परवा तिसरं प्रूफ आलं. 'पायऱ्या'च्या सगळीकडे 'पायर्या' झाल्यात. 'सह्याद्रीच्या दऱ्यांतून जाणारा व्यापारी मार्ग' असं लिहिलं होतं, ते 'सह्याद्रीच्या दर्यांतून' झालं, म्हणजे डोंगरातून गलबतं चालली. रोमनमधली टिंबं उडाली. आणि ब्राह्मीच्या जागी नुसते चौकोन, ओळीच्या ओळी चौकोन, शाळेच्या चौकटीच्या वहीसारखे. एक दुरुस्ती सांगावी तर दुसरीकडे नवी चूक उगवते.

हे करायचं तरी कशात? मला कॉम्प्युटर बेताचा येतो, पण शिकायची तयारी आहे.

तर्रीबाज | सोमवार, रात्री ११:०५

ताई, डोंगरातून गलबतं म्हणजे कल्पना वाईट नाही, गोदेला पूर आला की भांडीबाजारात तेच होतं. बाकी या विषयात मला शून्य कळतं, पण धागा वाचणार. जागा धरून बसतो.

सीटीपीवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

अंबडला छपाईच्या प्लेट काढायचं काम करतो, त्यामुळे रोज हेच बघतो. ताई, चौकोन का आले ते आधी सांगतो.

डीटीपीवाल्यांचे जुने फाँट म्हणजे खरं तर इंग्रजी फाँटच. त्यात इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेत: कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार. एका फाँटाला घरं जेमतेम २५६, त्यातली काही वापरता येत नाहीत. त्यात अख्खी मराठी कोंबायची म्हणजे तुकडेच करावे लागणार. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुमचं पुस्तक मराठीत नाहीच, ते इंग्रजीतली अगम्य अक्षरं आहेत आणि फाँट चढवला की मराठी 'दिसतं'. त्यात ब्राह्मीला घर नाही, टिंबवाल्या रोमनलाही नाही. म्हणून चौकोन.

उपाय सोपा आहे. इन्डिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) घ्या, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' करा, चांगला युनिकोड फाँट लावा. सीएस६ आवृत्ती म्हणजे २०१२ पासून ही सोय आहे. ते सेटिंग न बदलता लोक मराठी ओततात, वेलांट्या विस्कटल्या की म्हणतात इन्डिझाइनला मराठी येत नाही. येतं!

शिरोरेघा | मंगळवार, दुपारी १:३०

सीटीपीवाला दादांचं निदान बरोबर आहे, पण औषध मी वेगळं सांगेन. मी सातपूरला नोकरी करतो, अक्षरजुळणी हा रिकामपणाचा नाद. ताई, तुमच्या पुस्तकाला झीलाटेक लावा. आज्ञा लिहून अक्षरजुळणी करायचं सॉफ्टवेअर आहे.

इथे रोमन लिपी चालत नाही, तेव्हा कमांडींची नावं कानाला ऐकू येतात तशी लिहितो. प्रत्यक्ष नमुना फाइल व्यनि (खाजगी निरोप) करतो.

आधी थोडं मूळ. डोनाल्ड क्नुथ नावाचे गणिती. १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, ती इतकी वाईट होती की माणूस वैतागून स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला बसला. तोच टेक. (लेणीवेडी ताई, प्रूफ बघून वैतागणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. फरक इतकाच की ते त्यात दहा-बारा वर्षं गुंतून पडले.) पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक चढवलं, म्हणजे प्रकरण, तळटीप, सूची असलं सगळं सोप्या आज्ञांनी. पण मूळ टेकची धाव २५६ अक्षरांपर्यंतच. देवनागरीसाठी नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांची एक युक्ती होती, रोमनमध्ये टाइप करायचं आणि एका मधल्या प्रोग्रामने ते देवनागरीत उतरवायचं. संस्कृतवाल्यांनी त्यावर ग्रंथ काढले, पण आपल्यासारख्याने ३०० पानं मराठी रोमनमध्ये का टाइप करावं?

ती अडचण झीटेकने मोडली (त्यावर लाटेक चढवलं की झालं झीलाटेक). जोनाथन क्यू यांनी, एसआयएल या संस्थेत असताना, २००४ मध्ये ते आणलं. आधी फक्त मॅकवर चालायचं, २००६ पासून विंडोज-लिनक्सवरही. दोनच गोष्टी बदलल्या, पण मोठ्या. एक, मजकूर थेट युनिकोडमध्ये. दोन, तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलेला कुठलाही ओपनटाइप फाँट नाव घेऊन वापरा. २०१३ पासून त्यात अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ करतं. तेच इंजिन फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिसमध्ये आहे. त्यामुळे ब्राउझरमध्ये जोडाक्षर नीट दिसलं तर छापील पानावरही सहसा नीटच येतं.

आणि सगळं फुकट. टेक लाइव्ह हा सगळा संच उतरवून घ्या, किंवा ओव्हरलीफवर ऑनलाइन करा. तिथे मेनूत कंपायलर झीलाटेक निवडायला मात्र विसरू नका.

जुळारीकाका | मंगळवार, सायंकाळी ७:५०

लेक शेजारी बसून टाइप करतेय, मी सांगतोय.

मी मेनरोडच्या मागच्या एका छापखान्यात ३१ वर्षं खिळे जुळवले. तुमचं ते तुकड्यांचं बोलणं ऐकून हसू आलं, कारण आम्हीही तुकडेच जुळवायचो. मुंबईकडची डिग्री पद्धत: अक्षराचा खिळा वेगळा, वरची मात्रा-अनुस्वार वेगळा, खालचा उकार वेगळा. कलकत्त्याकडे अखंड खिळे, मात्रेसकट एकच. त्यांना खण जास्त लागायचे, आम्हाला हात जास्त लागायचा. रफाराचा तुकडा सगळ्यांत नाजूक. मशीनवर दाब आला की आधी तोच मोडायचा. फर्मा छापून संपेपर्यंत 'सूर्य'चा 'सूय' झालेला असायचा.

पण 'पायऱ्या'तला अर्धा ऱ आणि 'कार्या'तला रफार हे वेगळे खिळे आहेत, हे आमच्याकडच्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळायचं. यंत्राला ते कळू नये?

शिरोरेघा | मंगळवार, रात्री ९:२०

काका, दंडवत. यंत्राला कळतं, फक्त आपण नीट सांगायला हवं. हा मुद्दा ताईंच्या दुखण्याच्या मुळाशी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

युनिकोडमध्ये 'दर्या' म्हणजे द, र, पाय मोडल्याची खूण, य, काना. साधा र आणि मोडका पाय आला की इंजिन त्याचा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवतं. 'दऱ्या'साठी युनिकोडने वेगळा ऱ दिलाय, खाली टिंब असलेला. त्याचा पाय मोडला की रफार न होता तो आडवा, पापणीसारखा र होतो. पण जुन्या सवयीने हेच रूप दुसऱ्या वाटेनेही काढतात: साधा र, मोडका पाय, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही दिसायला सारखे, हुबेहूब. आतून वेगळे. म्हणून 'दऱ्या' शोधलं की अर्धेच सापडतात. आणि कन्व्हर्टरला ते न दिसणारं चिन्ह कचरा वाटतं, तो ते झाडून टाकतो. उरतं काय? र, मोडका पाय, य. म्हणजे दर्या. ताईंची गलबतं इथून निघाली.

इनस्क्रिप्टवर टाइप करत असाल तर शिफ्ट धरून रोमन जे-ची कळ दाबा, तिथे अस्सल ऱ आहे. फाइलमध्ये आधीच चिन्हवाला असेल तर शोधा-बदला करून एकच प्रकार ठेवा. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधीचं. इन्डिझाइन वापरा नाहीतर झीलाटेक, मळका मजकूर धुतल्याशिवाय कशातच घालू नये.

'ॲ'चंही तसंच. युनिकोडमध्ये तो २००८ ला, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक 'ऍ' किंवा अ वर चंद्र देऊन भागवायचे. जुन्या टिपणांत तिन्ही सापडतील.

लेणीवेडी | बुधवार, रात्री ११:३०

शिरोरेघा, तुमची नमुना फाइल आली. भाच्याला बसवून टेक लाइव्ह उतरवलं, रात्रभर डाउनलोड चाललं होतं. आज पहिलं पान काढलं. ब्राह्मी आली! चौकोन गेले! खरंच डोळ्यांत पाणी आलं.

पण देवनागरीची दशा बघा. 'सिद्ध'मधली वेलांटी स च्या पुढे जाऊन पडलीये. जोडाक्षरं सगळी फुटून पाय मोडून उभी. मी काही मोडलं का?

शिरोरेघा | गुरुवार, सकाळी ८:१०

मोडलं नाही, एक ओळ गळली. फाँटस्पेक पॅकेजने (लाटेकची तयार जोडणी) फाँट जाहीर करताना 'स्क्रिप्ट बरोबर देवनागरी' (बरोबर म्हणजे = हे चिन्ह) असं सांगावं लागतं. ते नसलं की इंजिन मजकुराला रोमनसारखं टाइप केलेल्या क्रमानेच मांडत सुटतं. आपण टाइप करतो स, मग वेलांटी, पण कागदावर वेलांटी आधी यायला हवी. ही अदलाबदल देवनागरीचे नियम लावल्यावरच होते.

लगेच शेजारी 'लँग्वेज बरोबर मराठी' हेही टाका. मग गंमत बघा. ज्या फाँटात मराठीची रूपं वेगळी भरलेली आहेत तिथे ल आणि श बदलतील. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, हिंदीचे वेगळे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमाला ठरवताना हीच रूपं घेतली. फाँटमध्ये दोन्ही असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय तो पुष्कळदा हिंदीचीच देतो. मराठी पुस्तकांत हिंदी वळणाचा ल दिसतो ना, त्यातला बराचसा दोष फाँटचा नसतो, कुणी भाषाच सांगितलेली नसते.

फाँट कुठला? तुमच्यासाठी शोभिका. मुंबई आयआयटीत झालेला, फुकट. देवनागरीचे १६०० च्या वर आकार, त्यात वैदिक स्वरचिन्हंही. आणि रोमन अक्षरं टिंबा-रेघांसकट त्याच फाँटात आहेत, त्यामुळे लिप्यंतराला वेगळा फाँट शोधायला नको. त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावरून वाढवलेली आहे, वळण ओळखीचं वाटेल. टिरो देवनागरी मराठी हाही देखणा, पण तुमच्या तळटिपांच्या बारीक आकारात मला शोभिका जास्त वाचनीय वाटतो. हे आपलं माझं मत.

लेणीवेडी | गुरुवार, दुपारी ४:००

वेलांटी जागेवर आली. सरळ, आज्ञाधारक. उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाचा जावई) लेखातलं 'त्रिगोशतसहस्रदेन' (तीन लाख गाई दान देणाऱ्याने) मी मुद्दाम पहिलं घातलं. स्र कसा सुबक आलाय! डीटीपीत तो 'स्त्र' करून ठेवला होता तिन्ही वेळा.

पण हा शब्द ओळीच्या शेवटी आला की मावत नाही, मग आधीच्या ओळीत शब्दांमध्ये हे एवढं अंतर पडतं.

शिरोरेघा | गुरुवार, सायंकाळी ६:१५

पॉलिग्लॉसिया पॅकेजमध्ये मुख्य भाषा मराठी ठेवा, त्यातून शब्द तोडायचे मराठी नियम लागू होतात. तरी लांब समासात आपणच सांगावं कुठे तोडायचं: त्रि, गो, शत, सहस्र. यंत्र अक्षरं मोजतं, समासाचा विग्रह त्याला येत नाही. बाकी टेक ओळ-ओळ न पाहता अख्खा परिच्छेद एकदम तोलतं, म्हणजे पाचव्या ओळीतली अडचण सोडवायला दुसऱ्या ओळीतही फेरफार करतं. हाताने एक शब्द बदललात तर वरच्या ओळीही हलतील, घाबरू नका.

सीटीपीवाला | गुरुवार, रात्री ९:४५

सगळं गोड चाललंय, आता थोडं मीठ टाकतो.

उद्या ताईंनी फाइल दिली आणि प्रेसला एक शब्द बदलायचा झाला, तर बदलणार कोण? इन्डिझाइन येणारी पोरं नाशकात ढिगाने मिळतात. कमांड लिहिणारा एक दाखवा. त्यातून आता सिंहस्थाची पत्रकं, पुस्तिका, नकाशे यांनी प्रेस भरायला लागलेत, कोणाला वेळ नाही. आणि फोटो? लेण्यांचं पुस्तक म्हणजे फोटो येणारच. फोटोभोवती मजकूर वळवायचा, पानभर चित्र कडेपर्यंत न्यायचं, हे डोळ्याने बघत करायचं काम आहे.

दुसरं, काळा रंग. वर्डची पीडीएफ आली की काळा मजकूर चार रंगांत फुटलेला असतो. प्लेट केसभर सरकली की अक्षराला लाल-निळी झालर. महिन्यातून दोनदा तरी हे भांडण होतं.

शिरोरेघा | गुरुवार, रात्री १०:३०

काळ्याचं उत्तर सोपं आहे, लाटेकचा मजकूर मुळात फक्त काळ्या शाईतच असतो. रंग वापरलेच तर एक्सकलर पॅकेजला सीएमवायके (छपाईच्या चार शाया) सांगून ठेवायचं. फोटोंचं मान्य. झीलाटेकमध्ये फोटो बसतात, पण फोटोपानांची मांडणी करणं म्हणजे डोळे मिटून रांगोळी. मुखपृष्ठ आणि रंगीत फोटोपानं इन्डिझाइनमध्येच करा, मजकूर झीलाटेकमध्ये. दोन पीडीएफ, बाइंडिंगला एकत्र.

'बदलणार कोण'चं उत्तर मात्र वेगळं: ताई बदलतील. फाइल त्यांच्याकडे साध्या मजकुरात आहे, वीस वर्षांनी नोटपॅडमध्येही उघडेल. पेजमेकरच्या जुन्या फाइली आज उघडून दाखवा दादा.

सीटीपीवाला | गुरुवार, रात्री १०:४२

पेजमेकरची फाइल उघडायला आमच्याकडे एक्सपीचा एक डबा अजून जिवंत ठेवलाय. हसू नका, पोटापाण्याचा प्रश्न आहे. असो, दोन पीडीएफचं पटलं.

गंगाघाट | शुक्रवार, सकाळी ७:२०

अवांतर होईल, माफी. रामकुंडावरच्या आमच्या घराण्याच्या नामावळीचे चोपडे आहेत. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत, मध्ये गुजराती यजमानांच्या गुजरातीत सह्या. याचं काही करता येईल का?

शिरोरेघा | शुक्रवार, सकाळी ९:००

येईल. मोडी २०१४ ला युनिकोडच्या ७.० मध्ये आली, नोटो सान्स मोडी फाँट फुकट मिळतो. पण घसटती मोडी फाँटात दिसत नाही, फाँटातली मोडी शाळेतल्या कित्त्यासारखी सुटी असते. चोपड्यांचे स्कॅन आणि समोरच्या पानावर बाळबोध असं केलंत तर बरं. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

लेणीवेडी | रविवार, दुपारी ३:१०

मोडीसारखंच माझ्या ब्राह्मीचं झालं. नोटो सान्स ब्राह्मी लावला, उत्तम दिसतो, पण तो अशोकाच्या काळच्या वळणाचा. सरळ रेघा, गोल वर्तुळं. आपल्या लेण्यांतले बहुतेक लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले, तोवर अक्षरांना डोकी आली होती, खालची टोकं वळली होती. फाँटातला पाठ छापून खाली 'नाशिकचा शिलालेख' लिहिलं तर जाणकार हसतील.

मग ठरवलं: लेखाचं रूप दाखवायचं तिथे ठशाचा (दगडावर कागद दाबून घेतलेल्या छापाचा) फोटो, पाठ म्हणून द्यायचा तिथे फाँट. प्रस्तावनेत तसं लिहून टाकलं.

आणि रोमन अक्षरं देवनागरीशेजारी धिप्पाड वाटत होती, ती थोडी लहान केली. ओळींमधलं अंतरही वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला शिवत होता.

शिरोरेघा | रविवार, सायंकाळी ५:३०

ठशांचं फार योग्य केलंत.

दोन गोष्टी राहिल्या. सूची करणार असाल तर मेकइंडेक्स वापरू नका, त्याला देवनागरीचा क्रम येत नाही. अपमेंडेक्स वापरा, आणि तरी ळ कुठे लागलाय ते बघा. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. कोशाची सवय असलेला वाचक ते बरोबर पकडतो.

दुसरं, पीडीएफमधून मराठी उचललं की वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, शोधही लागत नाही. झीटेकमध्ये 'झीटेकजनरेटॲक्च्युअलटेक्स्ट' अशी मारुतीच्या शेपटीएवढी कमांड आहे, तिची किंमत १ ठेवा. मग पानावरच्या आकारांमागे मूळ मजकूरही जातो. पुढे कोणी संशोधकाने तुमच्या पीडीएफमध्ये 'गोवर्धन' शोधलं तर सापडेल.

लेणीवेडी | २३ दिवसांनी, मंगळवार रात्री ९:००

झालं! २८८ पानं, बरोबर १८ फर्मे (एकेक १६ पानांचा). सीटीपीवाला दादांच्या प्रेसवाल्या मित्राने फाइल तपासली. काळा एकाच प्लेटवर आहे, फाँट सगळे आत आहेत म्हणाला. डीटीपीवाल्यांना आधीच्या कामाचे पैसे दिले, त्यांनी चहाही पाजला.

एक कबूल करते. कन्व्हर्ट होऊन आलेल्या फाइलमध्येच मी नंतरच्या बऱ्याच दुरुस्त्या केल्या होत्या, त्यामुळे तीच पुन्हा युनिकोडमध्ये आणावी लागली. मग भाच्याने शोधा-बदलाची यादी केली: पायर्या, दर्या, सुर्या, कोपर्या, वार्या, सगळ्यांचा ऱ. 'सूर्या'ला, 'कार्या'ला हात लावला नाही हो, तेवढी अक्कल होती. काही सेकंदांत चारशेच्या वर बदल!

प्रूफ जुळारीकाकांना घरी नेऊन दिलंय. त्यांनी स्वतःच मागितलं. त्यांच्या लेकीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन आले.

तर्रीबाज | मंगळवार, रात्री ९:२५

अभिनंदन ताई! एवढं वाचून मला अजूनही काही कळलं नाही, पण आता मिसळीच्या बोर्डावर हिंदी ल दिसला की जेवण जात नाही. ही शिरोरेघांची कृपा.

जुळारीकाका | शुक्रवार, सकाळी ११:१०

प्रूफ वाचलं. अक्षर छान पडलंय. वेलांटीची कमान दंडापर्यंत बरोबर पोचते, आमच्या वेळी ती मध्येच लोंबायची. एकूण १४ चुका, लेक यादी पाठवेल. बहुतेक अनुस्वारांच्या.

एक मात्र बघा. पान १४७, गौतमी बलश्रीच्या लेखाचा अनुवाद, वरून सहावी ओळ. छापलंय: 'ज्याच्या घोड्यांनी तिन्ही दऱ्यांचं पाणी प्यायलं आहे'. मला शिलालेखातलं कळत नाही, पण घोडे दऱ्यांचं पाणी कसं पितील? आणि तीनच दऱ्या कशा, सह्याद्रीत?

लेणीवेडी | शुक्रवार, दुपारी १२:०५

काका!! मूळ लेखात बलश्रीच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, विशेषण आहे: 'तिसमुदतोयपीतवाहन'. तीन समुद्रांचं पाणी प्यायलेले घोडे. मी अनुवादात 'दर्यांचं'च लिहिलं होतं, तो दर्या खरा होता. अख्ख्या पुस्तकात तेवढा एकच, आणि आमच्या यादीने त्याचीही दरी केली.

परत फिरवलं. पान १४७ ची पीडीएफ पुन्हा काढतेय.